सागरतळाच्या गाळातील आकाशाच्या खुणा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि वधूवर-सूचक मंडळ या नेहमीच्या विषयांवर आपणांस सांगणारे जाणकार येथे पुष्कळ आहेत. तेव्हा आम्ही आज आपणांस थोडे दूर, म्हणजे महासागराच्या तळाशी चार-पाच किलोमीटर खोल नेणार आहोत. तेथे साचलेल्या गाळात आकाशातून कोसळलेल्या लघुग्रहांचा माग लागतो. तो माग दृष्टीला दिसणारा नाही, तो रसायनशास्त्राच्या काट्यावर तोलावा लागतो. हा विषय विद्वानांपुरताच आहे असे कोणी समजू नये. ज्या काळ्या पत्थरावर आपली घरे, देवळे आणि किल्ले उभे आहेत, त्या पत्थरावर या प्रकरणात एक गंभीर आरोप आलेला आहे. तो पुढे ओघाने येईलच.

आमच्या पिढीतील मंडळींना फाउंटन पेन चांगले आठवत असेल. त्याच्या निबवर पुष्कळदा 'इरिडियम पॉइंट' अशी बारीक अक्षरे कोरलेली असत. निबचे टोक कागदावर घासून झिजू नये म्हणून तेथे अतिशय कठीण अशा मिश्रधातूचा कण बसवीत. इरिडियम ही प्लॅटिनमच्या कुळातील धातू होय. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली ती आणि तिची बहीण ऑस्मियम या दोहोंचा शोध लावला. आपल्या आजच्या कथेची नायिका हीच.

इरिडियमचा एक स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. तिला लोखंडाचा ओढा फार. पृथ्वी बाल्यावस्थेत वितळलेली असताना जड लोखंड बुडून केंद्राकडे गेले आणि जाताना आपल्याबरोबर बहुतेक सारे इरिडियम घेऊन गेले. त्यामुळे आपण ज्यावर उभे आहोत त्या भूकवचात ही धातू जवळजवळ नाहीच. अब्ज भागांत एका भागाचा विसावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी, इतकेच तिचे प्रमाण. उलट, जे अशनी कधी पूर्णपणे वितळलेच नाहीत, ज्यांना 'कॉन्ड्राइट' म्हणतात, त्यांच्यात अब्ज भागांत सुमारे ५०० भाग इरिडियम सापडते. म्हणजे दहा हजार पटींच्या घरातील फरक झाला. सोनाराच्या दुकानापुढची धूळ चाळून त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी पूर्वी असत. ज्या धुळीत सोने निघाले ती धूळ सोनाराच्या दारची, हे त्यांना सांगावे लागत नसे. तद्वत ज्या गाळात इरिडियमचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसते, तो गाळ आकाशाच्या दारचा असावा असा तर्क करता येतो. मात्र हा केवळ तर्क आहे. त्याला पुरावा म्हणावयाचे की नाही यावरच पुढे मोठा वाद माजला.

समुद्राच्या तळाशी आकाशातील धूळ सापडते ही गोष्ट काही नवी नव्हे. १८७२ च्या डिसेंबरात 'चॅलेंजर' नावाचे इंग्रजी जहाज सागरशोधनासाठी निघाले आणि सुमारे साडेतीन वर्षे जगभर हिंडून १८७६ च्या मे महिन्यात परत आले. त्यावरील जॉन मरे या शास्त्रज्ञाने खोल समुद्रातून काढलेली तांबडी माती लोहचुंबकाने चाळली. तेव्हा चुंबकाला काळ्याभोर, गुळगुळीत, वाटोळ्या गोळ्या चिकटून आल्या. त्यांतील कित्येकींत निकेलमिश्रित लोखंड निघाले. वातावरणात शिरताना वितळून पुन्हा गोठलेले हे अवकाशातील थेंब होत, असे अनुमान मरे आणि त्याचा सहकारी रेनार यांनी काढले आणि ते योग्य ठरले.

मग प्रश्न येतो की अशी धूळ जमिनीवरही पडतेच, तर त्यासाठी समुद्राच्या तळाशी का जावे? कारण जमिनीवर पाऊस आहे, नद्या आहेत, नांगर आहे. तेथे काही स्थिर राहत नाही. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर, खोल समुद्रात नदीचा गाळ पोचत नाही. तेथे वरून पडते ती सूक्ष्म जीवांची कवचे, वाऱ्याने आलेली धूळ आणि आकाशातील रज. तांबड्या मातीच्या प्रदेशात तर हजार वर्षांत एखादा मिलिमीटर थर चढतो, कित्येकदा तेवढाही नाही. बिऱ्हाड रिकामे करून गेलेल्या घरातील फडताळावर धूळ बसावी, तसा हा प्रकार. तिला कोणी हात लावत नाही, आणि म्हणून ती काळाची रोजनिशी बनते.

या रोजनिशीचे सर्वांत गाजलेले पान मात्र समुद्रात वाचले गेले नाही, ते डोंगरावर वाचले गेले. इटलीतील गुब्बियो गावाजवळच्या एका घळीत गुलाबी चुनखडीचे थर उघडे पडलेले आहेत. ही चुनखडी एके काळी खोल समुद्राच्या तळाशी साचली आणि पुढे ॲपेनाइन पर्वत उचलला गेला तेव्हा वर आली. त्यात सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा एक थर आहे. त्याच्या खाली फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची मोठी आणि नाना जातींची कवचे सापडतात, वर केवळ काही थोड्या जातींची चिमुकली कवचे उरतात, आणि दोहोंच्या मध्ये सुमारे एक सेंटिमीटर जाडीची चिकणमाती. याच काळात डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले. वॉल्टर अल्व्हारेझ या अमेरिकन भूशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की ही बोटभर माती साचायला किती वर्षे लागली? शंभर की लाख? त्याने हा प्रश्न आपले वडील लुई अल्व्हारेझ यांच्यापुढे ठेवला. लुई हे पदार्थवैज्ञानिक आणि १९६८ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. मुलाचा प्रश्न बापाने असा मनावर घेतल्याची उदाहरणे शास्त्राच्या इतिहासात विरळाच.

वडिलांची युक्ती सोपी होती. अवकाशातील रज वर्षानुवर्षे सारख्याच वेगाने पडत असेल, तर मातीत इरिडियम किती आहे त्यावरून माती साचायला किती काळ लागला ते काढता येईल. म्हणजे इरिडियम हे त्यांना घड्याळ म्हणून हवे होते. लघुग्रहाचा विचारही तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. बर्कली येथील फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या रसायनशास्त्रज्ञांनी मोजणी केली. मातीचा नमुना अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनांचा मारा करतात. त्यातील इरिडियमचे किरणोत्सारी रूप तयार होते, ते ७४ दिवसांत निम्मे होते आणि त्यातून विशिष्ट ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर पडतात. त्या किरणांची मोजदाद केली की अब्जांशातील इरिडियमही सापडते. उत्तर आले ते घड्याळ बिघडविणारे होते. चिकणमातीत इरिडियम आजूबाजूच्या थरांपेक्षा सुमारे ३० पट निघाले. डेन्मार्कमधील त्याच काळच्या थरात ते सुमारे १६० पट होते, तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडमध्ये २० पट.

प्रथम शंका आली ती जवळपासच्या एखाद्या ताऱ्याचा स्फोट झाला असावा अशी. तसे असेल तर त्याबरोबर प्लुटोनियम-२४४ ही जड धातूही मातीत यावयास हवी. ती शोधली, परंतु सापडली नाही. तेव्हा ताऱ्याचा स्फोट बाजूला पडला. मग हिशेब असा केला की दर चौरस सेंटिमीटरमागे एका ग्रॅमचे काही अब्जांश इरिडियम सापडते, त्याला पृथ्वीच्या ५१ कोटी चौरस किलोमीटर क्षेत्रफळाने गुणले की दहा हजारांच्या घरात टन इरिडियम होते, आणि इतके इरिडियम अंगी असलेला कॉन्ड्राइट जातीचा दगड कित्येक किलोमीटर व्यासाचा असावा लागतो. अन्य रीतींनी केलेले अंदाजही विचारात घेऊन त्यांनी सुमारे १० किलोमीटर, चार किलोमीटर अधिक-उणे, असा आकडा दिला. हा निबंध जून १९८० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डच भूशास्त्रज्ञ यान स्मित यानेही स्पेनमधील काराव्हाका येथील थरांवरून त्याच वर्षी तसेच अनुमान स्वतंत्रपणे मांडले होते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. गाजावाजा अल्व्हारेझ पितापुत्रांचा झाला, तथापि श्रेयाच्या वाटणीत स्मितला विसरणे न्यायाचे होणार नाही.

आता तो काळ्या पत्थरावरील आरोप. गुब्बियोची माती साचली त्याच सुमारास आपल्या दख्खनच्या भूमीवर भेगांतून लाव्ह्याचे लोट वाहत होते. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात तेच हे थर. आज ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशात पसरलेले आहेत. काही शास्त्रज्ञ म्हणाले, लघुग्रह कशाला हवा? दख्खनच्या ज्वालामुखींनीच वायू आणि राख ओकून जीवसृष्टी मारली आणि इरिडियमही त्यांनीच पृथ्वीच्या पोटातून वर आणले. हे म्हणणे हवेतले नव्हते. १९८३ साली हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीच्या धुरातील कणांत इरिडियमचे प्रमाण अधिक असल्याचे खरोखरच आढळले होते. म्हणजे साक्षीदार एक आणि संशयित दोन, असा खटला उभा राहिला. डायनोसॉरांच्या मृत्यूचा डाग आपल्या सह्याद्रीच्या माथी लागतो की काय, अशी वेळ आली.

या खटल्यात सागरतळाच्या गाळाने जी साक्ष दिली ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ती साक्ष इरिडियमची नव्हे, तिच्या बहिणीची, ऑस्मियमची आहे. ऑस्मियमचे दोन समस्थानिक, १८७ आणि १८८ वजनाचे, समुद्राच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात असतात. जमिनीवरील जुने खडक झिजून नद्यांवाटे समुद्रात जे ऑस्मियम येते त्यात १८७ चा वाटा मोठा असतो. अशनीतून किंवा पृथ्वीच्या पोटातून आलेल्या ऑस्मियममध्ये तो पुष्कळच कमी असतो. म्हणून समुद्रात लघुग्रह विरघळला, किंवा ताज्या लाव्ह्याचे पाणी मिसळले, की हे गुणोत्तर खाली येते, आणि त्या त्या काळच्या गाळात तसेच नोंदले जाते. २००३ साली रविझ्झा आणि पॉइकर-एरेनब्रिंक या दोघा शास्त्रज्ञांनी दक्षिण अटलांटिक, पॅसिफिक आणि इटलीतील जुन्या सागरी थरांत ही मोजणी केली. त्यांना दोन उतार दिसले. इरिडियमच्या थराच्या पुष्कळ आधी गुणोत्तर सुमारे चतुर्थांशाने हळूहळू उतरलेले होते. तो दख्खनच्या लाव्ह्याचा ठसा, असे त्यांनी ओळखले. नंतर थेट इरिडियमच्या थरापाशी ते एकदम कोसळलेले दिसले. तो लघुग्रहाचा ठसा. एक उतार घाटाचा, दुसरा कड्याचा, असे म्हटले तरी चालेल. दख्खनच्या मुख्य उद्रेकाचा आरंभ आणि जीवसृष्टीचा संहार यांच्यात अंतर आहे, असे त्यांचे म्हणणे. यावर नंतरच्या कालमापनांनी उलटसुलट मते आली आहेत आणि उद्रेकाचा मोठा भाग संहाराच्या आधी की नंतर याविषयी अद्याप एकवाक्यता नाही. पण लाव्ह्याने समुद्रावर जी खूण केली ती लघुग्रहाच्या खुणेहून निराळी काढता येते, एवढे तरी सिद्ध झाले.

आपल्या देशातील पुरावाही याच्याशी जुळतो. कच्छमधील अंजार येथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेला तळ्याचा गाळ आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील नरेंद्र भंडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९५ च्या सुमारास त्या गाळात इरिडियमचे वाढलेले प्रमाण आढळले. त्याच्या खालीही लाव्हा आणि वरही लाव्हा! ते इरिडियम लघुग्रहाचेच असेल, तर तो कोसळला तेव्हा दख्खन आधीपासून धगधगत होता, हे उघड आहे.

१९९१ मध्ये मेक्सिकोतील युकाटान द्वीपकल्पाखाली दबलेले चिक्शुलुब येथील सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर हेच त्या आघाताचे ठिकाण, असे मांडले गेले आणि वाद पुष्कळसा शमला. १९९७ साली फ्लोरिडाच्या पूर्वेस समुद्रात वेधन करून काढलेल्या नळकांड्यात तर हा सारा प्रसंग एकाखाली एक दिसतो. तळाशी शांतपणे साचलेला पांढुरका गाळ, त्यावर वितळलेल्या खडकाच्या गोळ्यांचा दहा सेंटिमीटरांहून जाड हिरवट थर, त्यावर गंजाच्या रंगाची पातळ रेघ, आणि पुन्हा गाळ, परंतु पूर्वीचे जीव त्यात नाहीत. पुढे १९९८ मध्ये फ्रँक काइट याला उत्तर पॅसिफिकच्या तळाच्या गाळात त्याच थरात अडीच मिलिमीटरांचा एक खडा सापडला. त्याचे रसायन कार्बनयुक्त अशनीशी जुळले. तो त्या लघुग्रहाचाच तुकडा असावा, असे काइटचे मत आहे. अडीच मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या कणीएवढा. पृथ्वीचा इतिहास बदलणाऱ्या पाहुण्याचा हा देह. २०२४ साली जर्मनीतील कलोन येथील फिशर-ग्योडे यांनी रुथेनियम धातूच्या समस्थानिकांवरून तो पाहुणा गुरूच्या कक्षेपलीकडे जन्मलेल्या कार्बनयुक्त जातीचा होता असा निष्कर्ष काढला. त्यासाठीही त्याच सागरी मातीचे नमुने वापरले गेले.

येथवर जे सांगितले ते आपणांपैकी वाचनाचा नाद असलेल्यांनी कोठे ना कोठे वाचले असेल. परंतु आम्हांस आज विशेष सांगावयाचे आहे ते यानंतरचे. पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग पाण्याने झाकलेला आहे. तेव्हा लघुग्रहांपैकी बहुसंख्य समुद्रातच पडले असले पाहिजेत. मग त्यांची विवरे कोठे आहेत? जमिनीवरील विवरे आपण मोजू शकतो. आपले बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे त्यांतले एक, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. परंतु खोल समुद्राच्या तळाशी एकही निर्विवाद विवर आजवर मिळालेले नाही. त्याला दोन कारणे. चार-पाच किलोमीटर पाण्याची गादी लहान दगडाला तळापर्यंत पोचूच देत नाही. आणि सागरतळ स्वतःच अल्पायुषी असतो. तो कडेला खंडांखाली सरकून वितळून जातो, म्हणून सुमारे १८ ते २० कोटी वर्षांहून जुना सागरतळ जवळजवळ कोठेच उरलेला नाही. जे घडले ते कळण्याचा एकच मार्ग राहतो, तो गाळाच्या रसायनाचा.

या मार्गाने सापडलेली एकच मोठी घटना आहे. 'एल्टानिन' हे अमेरिकन जहाज १९६० च्या दशकात दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रात हिंडून तळाच्या गाळाची नळकांडी गोळा करीत असे. ती संग्रहालयात नीट क्रमवार ठेवली गेली. पुढे कॅलिफोर्नियातील काइट, झोउ आणि वॅसन यांनी चिलीच्या नैर्ऋत्येकडून आणलेल्या अशाच एका नळकांड्यातील माती तपासली आणि १९८१ साली कळविले की तीत इरिडियम आणि सोने यांसारख्या धातूंचे प्रमाण विलक्षण आहे. आम्हांस येथे त्या अनामिक संग्रहपालाचे कौतुक वाटते. ज्याने ती चिखलाची नळी वर्षानुवर्षे चिठ्ठी लावून जपली, त्याला तिच्यात काय आहे हे ठाऊक नव्हते.

१९९५ साली 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधन-जहाज तेथे गेले आणि रायनर गेर्सोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून पाहिले, तर सुमारे पाच किलोमीटर खोल असलेला तळ विस्तीर्ण प्रदेशात उखडलेला निघाला. नळकांड्यांत प्रथम तळातून खेचून काढलेल्या जुन्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गाळाच्या ढेकळांची खिचडी, मग पाण्याने वाहून नेलेली वाळू, मग हळूहळू बारीक होत जाणारा गाळ, आणि त्याच्या वरच्या भागात अशनीच्या वितळलेल्या आणि न वितळलेल्या तुकड्यांचा सडा. उखडलेले तळ खाली आणि आकाशातील माल वर, हा क्रम पाहा. समुद्र प्रथम घुसळला गेला, आणि वर उडालेला लघुग्रहाचा चुरा शांत होत असलेल्या पाण्यातून मागाहून खाली आला. त्या लघुग्रहाचा व्यास एक किलोमीटरहून अधिक, कदाचित चार किलोमीटरपर्यंत असावा. काळ सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे हिमयुगांना आरंभ होण्याच्या सुमाराचा. विवर मात्र सापडले नाही. पाण्यानेच आघात पोटात घेतला. किती उंच लाटा उठल्या असतील याचे हिशेब निरनिराळ्या संशोधकांनी मांडले, ते एकमेकांशी जुळत नाहीत. चिली आणि अंटार्क्टिकातील काही थर त्या लाटांनी आणले असतील असे कोणी म्हणतात, कोणी नाकारतात. हिमयुगाला या आघाताने हातभार लावला, असेही एक मत आहे. ते सिद्ध झालेले नाही, आणि आम्ही तरी ते तूर्त बाजूलाच ठेवू.

आमच्या मते खरा चिंतेचा मुद्दा येथे आहे. एक किलोमीटरहून मोठा लघुग्रह खोल महासागरात पडल्याचे हे एकच ज्ञात उदाहरण, आणि तेही एका जहाजाची नळी नेमकी त्या ठिकाणी रुतली म्हणून कळले. अन्यथा जगाला ते कधीच समजले नसते. अशा किती घटना गाळात नोंदल्या जाऊन पडून आहेत, याचा अंदाज यावरून कोणी करावा? आणि हा अंदाज केवळ कुतूहलाचा नाही. लघुग्रह किती वर्षांनी एकदा समुद्रात पडतो यावर किनाऱ्याच्या गावांचा धोका ठरतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या 'डार्ट' यानाने डिमॉर्फोस या लहान लघुग्रहावर मुद्दाम धडक मारून त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून अधिक कमी केली, ती याच काळजीपोटी. आकाश पाहणारे पुढचे सांगतील, परंतु मागे काय झाले ते चिखलच सांगेल.

अर्थात चिखलाची साक्ष उलटतपासणीवाचून घेता येत नाही. गाळ साचणे काही काळ थांबले, तर नेहमीची आकाशधूळच तेवढ्या थरात दाट होते आणि आघात झाल्यासारखे भासते. तळातील किडे माती वरखाली करतात आणि नेमकी रेघ पसरट होऊन जाते. प्राणवायूच्या चढउताराने काही धातू एका थरातून दुसऱ्यात सरकतात. म्हणून एकट्या इरिडियमवर निकाल देत नाहीत. प्लॅटिनम, ऑस्मियम, सोने, निकेल, क्रोमियम यांची परस्पर प्रमाणे अशनीसारखी आहेत का, हे पाहतात. क्रोमियमचे समस्थानिक तर अशनीची जातही सांगतात. १९९८ साली शुकोल्युकोव्ह आणि लुगमैर यांनी डेन्मार्क आणि स्पेनमधील मातीत ते मोजून दाखविले की त्यातील क्रोमियम पृथ्वीचे नव्हे. तसे पाहता ही सोनाराची कसोटीच. एका रेघेवर भाव ठरत नाही, चार ठिकाणी घासावे लागते. आणि कसोटीच्या दगडालाही मर्यादा असते. २००८ मध्ये गाळातील ऑस्मियमवरूनच चिक्शुलुबच्या लघुग्रहाचा व्यास अवघा चार किलोमीटरांहून थोडा अधिक निघतो असे प्रतिपादन झाले. सर्व ऑस्मियम पाण्यात विरघळलेच असेल कशावरून, असा आक्षेप त्यावर लगेच आला. हा आक्षेप आम्हांस सयुक्तिक वाटतो.

सुमारे ३ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या सागरी थरांतही इरिडियम आणि काचेच्या गोळ्या मिळतात. त्यांची नाती सैबेरियातील पोपिगाय आणि अमेरिकेतील चेसापीक उपसागर या दोन विवरांशी जुळलेली आहेत. त्याविषयी आज वेळेअभावी इतकेच.

शेवटी आपल्या शेजारच्या समुद्राकडे येऊ. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ च्या पहिल्या दिवशी स्थापन झाली. मध्य हिंदी महासागराच्या तळाशी मँगनीज, निकेल, तांबे यांनी युक्त असे बटाट्यासारखे गोळे पसरलेले आहेत. त्यांच्या पाहणीसाठी संस्थेची जहाजे वर्षानुवर्षे तेथे जात राहिली. धातूंच्या गोळ्यांसाठी आणलेल्या त्या गाळातच संशोधकांना काचेचे सूक्ष्म, चकचकीत, थेंबासारखे कण मिळाले. त्यांना 'मायक्रोटेक्टाइट' म्हणतात. बिली ग्लास या अमेरिकन शास्त्रज्ञाने खोल समुद्रातील गाळात असे कण असल्याचे १९६७ सालीच दाखविले होते. सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियात कोठेतरी एक मोठा आघात झाला, तेथील माती-वाळू वितळून आकाशात उडाली आणि ऑस्ट्रेलियापासून हिंदी महासागरापर्यंत काचेचा पाऊस पडला. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटण्याच्या किंचित आधीचा हा प्रसंग, म्हणून गाळातील थर ओळखण्यास ते कण शास्त्रज्ञांना फार उपयोगी पडतात. आपल्या लोणारची गोष्ट निराळी. ते विवर इतके लहान की त्याचा ठसा समुद्रावर उमटण्याचे कारण नाही, आणि त्याचे वयही पन्नास हजार की साडेपाच लाखांहून अधिक वर्षे, यावर मतभेद आहेत.

आश्चर्य असे की या काचेच्या पावसाचे विवरही अद्याप निश्चित झालेले नाही. थेंब हजारो किलोमीटरांवर विखुरलेले सापडले, ज्या खड्ड्यातून ते उडाले तो मात्र नाही. २०२० साली काही संशोधकांनी लाओस देशातील बोलावेन पठाराकडे बोट दाखविले. तेथील तरुण लाव्ह्याच्या जाड थराखाली ते विवर दडलेले असावे, असे त्यांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून म्हटले आहे. सर्वांना ते पटलेले नाही. लाव्ह्याखाली विवर खरोखर आहे की नाही, हे तेथे खोल वेधन झाल्यावाचून ठरणार नाही.